दोन नंबरच्या काउंटरवरची वही

डोळ्यांत थेंब घातले की माणूस तीन तासांपुरता निरक्षर होतो. मग तो वकील असो नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक. आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयात हे रोज दिसायचं. बाहुल्या विस्फारलेल्या, समोर सगळं धुकं, आणि हातात कोणीतरी कोंबलेला अर्ज. वाचा आणि सही करा! कसा वाचणार, कपाळ? बहुतेक काउंटरवरून उत्तर यायचं, "काही नाही हो, नेहमीचंच आहे, करा सही."

दोन नंबरच्या काउंटरवर मात्र काकू बसायच्या. त्या अर्ज स्वतःच्या हातात घ्यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायच्या. अगदी तळाला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असायचं, तेसुद्धा. मागची रांग कुरकुरायची. काकू मान वर न करता म्हणायच्या, "सही यांची आहे ना? मग यांना कळायला नको?" आम्ही त्यांचं नाव 'शेवटची ओळ' ठेवलं होतं. भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यातली शेवटची ओळ काकू जिन्यातूनसुद्धा वाचतात, असं कंपाउंडर नव्या माणसांना शपथेवर सांगायचा.

मी तिथला संगणकवाला. आता तिथे नाही, आणि का नाही ते पुढे येईलच. काकू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला साहेब म्हणायच्या. एकदाही मी त्यांना 'साहेब नका म्हणू' असं म्हटलं नाही, कारण मला ते आवडायचं. डॉक्टर लोक मला 'अरे, तो प्रिंटर बघ' म्हणून हाक मारायचे. अख्ख्या इमारतीत साहेब म्हणणारं एकच माणूस होतं.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या संगणकासमोर बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा चष्म्याच्या काचा पुसायच्या पाण्याने चकाचक पुसून ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुमची काच फार मळली होती हो." एका बोटाने टाइप करायच्या, पण नावात कधी चूक नाही. दुपारी दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं विणकाम. सून नोकरी करायची, मुलगा फिरतीवर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरातल्या सगळ्यांच्या अंगावर काकूंनी विणलेलं काहीतरी असायचंच, उन्हाळ्यात सुद्धा, असं त्या स्वतःच सांगून हसायच्या.

आता वहीचं सांगतो. नियम माझाच. मीच एकदा रुबाबात सगळ्यांना बजावलं होतं की पडद्यावर काहीही वेगळं दिसलं तर वहीत लिहा आणि मला फोन करा. तेवीस मशीन, तेवीस वह्या. बावीस वह्यांत पंधरा दिवसांत मुलांची चित्रं आणि पेनं चालतात का ते बघायच्या रेघोट्या आल्या. काकूंनी मात्र वही काउंटरच्या पायाला लोकरीच्या निळ्या धाग्याने बांधली, म्हणजे कोणी उचलून नेऊ नये. वार, वेळ, पडद्यावर काय आलं, साहेब काय म्हणाले. चार रकाने आखलेले.

पडद्यावर काय यायचं, तर ब्राउझरची पाटी. ज्यातून आपण इंटरनेटची पानं उघडतो तो ब्राउझर म्हणजे घराचं दार धरा. दाराच्या कडीत कधीतरी खोट निघते. कंपनी नवी कडी पाठवते, फुकट. पण ती पाठवताना जगजाहीर करावं लागतं की जुन्या कडीत अमुक खोट आहे. म्हणजे त्या दिवसापासून जुन्या कडीची दारं कुठे आहेत, एवढंच शोधायचं चोरांना उरतं. नवी कडी बसवायला पाच मिनिटं लागतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तीच माझी नोकरी होती.

पण आमच्याकडे डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचं एक जुनं यंत्र होतं. त्याचे फोटो फक्त जुन्या ब्राउझरमध्ये दिसायचे. एकदा मी मुकाट्याने नवा ब्राउझर घातला, तर फोटोच्या जागी पांढरा चौकोन. मोठे डॉक्टर पेशंटसमोर माझ्यावर खेकसले, "तुझ्या सुधारणा तुझ्यापाशी ठेव!" कान लाल झाले माझे. त्याच दुपारी मी रागाने तेवीसच्या तेवीस मशीनवर नवा ब्राउझर आपोआप बसायचं बंद करून टाकलं. खरं तर फोटो फक्त तीन खोल्यांत बघायचे असत. उरलेल्या वीस मशीनना काहीच अडचण नव्हती. एका रविवारी अर्धा दिवस बसलो असतो तर काम झालं असतं. दोन वर्षांत एकशे चार रविवार येतात, आणि त्यातला एकही मला सवडीचा वाटला नाही.

पाटी मात्र यायचीच. बाकीचे न वाचता फुलीवर टिचकी मारायचे. काकू फोन करायच्या आणि अख्खी वाचून दाखवायच्या.

"साहेब, हे म्हणतंय, या आवृत्तीत सुरक्षेची गंभीर त्रुटी आढळली आहे. म्हणतंय, त्वरित अद्ययावत करा. खाली दोन चौकोन आहेत. एकावर 'आता', एकावर 'नंतर'."

"नंतर करा, काकू."

"गंभीर म्हणतंय हो."

"ते सगळ्यांनाच तसं म्हणतं. नंतर."

"बरं." आणि मग फोनमध्ये पेनाचा खरखर आवाज यायचा.

तो दिवस मंगळवार. पावणेदोनच्या सुमारास फोटोच्या खोलीतून ओरडा झाला. पडद्यावर पेशंटच्या डोळ्यांऐवजी काळी पाटी होती, सगळे फोटो कुलूपबंद केलेत, पैसे दिलेत तर उघडू म्हणून. पाहता पाहता नऊ मशीन गेली. अकरा वर्षांचे फोटो. ज्यांच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू खराब होतो, त्यांचा गेल्या वर्षीचा फोटो यंदाच्या फोटोशेजारी ठेवूनच डॉक्टरांना कळतं की आजार किती सरकला. बाहेर बाकावर थेंब घातलेले चाळीस लोक बसले होते आणि त्यांना कोणी काही सांगत नव्हतं. बहुतेक फोटो पुढे एका वेगळ्या प्रतीवरून परत मिळाले, दोन महिन्यांचे मात्र कायमचे गेले.

सुरुवात कुठून झाली हे मला तासाभरात सापडलं. दोन नंबर. एक वाजून चाळीस मिनिटांनी तिथून लोकरीच्या विणकामाचं एक पान उघडलं होतं. साधंसुधं पान, हजारो बायका बघतात. पण त्यावरच्या जाहिरातीत कोणीतरी विष कालवून ठेवलं होतं. क्लिक करायची गरजच नव्हती. जुनी कडी असलेल्या दारासमोर ती जाहिरात नुसती दिसली तरी पुरे. त्या खोटेची नवी कडी आमच्या दारात चार महिने 'आता की नंतर' विचारत उभी होती.

मी काय केलं ते आता सरळ लिहितो. मी घाबरलो. बाहेरचा तपासनीस दोन दिवसांनी येणार होता. त्याच्या आत मी सगळी मशीन पुसून कोरी केली आणि सगळीकडे नवा ब्राउझर घातला; फोटोंपुरता जुना फक्त त्या तीन खोल्यांत, इंटरनेट तोडून ठेवला. सगळ्यांना वाटलं, काय राबतोय हा माणूस. ज्या मोठ्या डॉक्टरांनी मला झापलं होतं त्यांनी स्वतः चहा पाठवला. दोन नंबरचं मशीन उचलताना माझा हात वहीला लागला. मी कात्रीने निळा धागा कापला आणि वही शर्टाच्या आत घातली.

चौकशी प्रशासकांच्या खोलीत झाली. लांब टेबल, कोपऱ्यात पाण्याचा जग, त्यावर पालथा ग्लास. तपासनिसाने मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"ब्राउझर नवा होता की जुना?"

"नवाच. सगळीकडे. मी स्वतः बघतो."

"मग नुसतं पान उघडून हे व्हायचं नाही," तो काकूंकडे वळला. "तुम्ही काहीतरी उतरवून घेतलंत, नाहीतर कशावर तरी क्लिक केलंत."

काकू म्हणाल्या, "नाही हो. मी नमुना बघत होते. पान खाली सरकवत होते फक्त." मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझी वही होती ना, त्यात मी लिहिलेलं असतं सगळं. वही मिळत नाहीये. साहेब, तुम्ही पाहिलीत का?"

"नाही."

"मग तुम्हीच सांगा यांना."

मी सांगितलं. मी म्हणालो, "कधीकधी हात चुकून लागतो, काकू. लक्षात राहत नाही."

काकूंनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "साहेब म्हणतात म्हणजे लागला असेल." ज्या बाईने आयुष्यात एक ओळ गाळली नाही, तिला मी दोन वाक्यांत स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लावली. अजून मला त्या टेबलाच्या लाकडाचा रंगसुद्धा आठवतो.

काकूंना तळघरात जुन्या फायलींवर पाठवलं. संगणकाला हात लावायचा नाही, असं लेखी दिलं. पोरांनी नवं नाव काढलं, 'क्लिककाकू'. जिन्यावरून त्या उतरायला लागल्या की कोणीतरी जिभेने टक् असा आवाज करायचं आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. एकदा मीही हसलो. हसलो नसतो तर कोणाला संशय आला असता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं, पण खोटं कशाला बोला, त्या क्षणी मला ते विनोदीही वाटलं होतं. मला वर्षाचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोने ते हौसेने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. मी जेवायला बसायचो तर ते पाठीमागे येईल अशी खुर्ची धरायचो.

दीड वर्षाने काकू निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही. जाताना त्या माझ्या खोलीत आल्या आणि कागदात गुंडाळलेला मफलर टेबलावर ठेवला, करड्या रंगाचा, कडेला निळी पट्टी. म्हणाल्या, "तुम्ही मला फार सांभाळून घेतलंत, साहेब." मला वाटलं, जाणारं माणूस बोलतं तसं बोलल्या. मी थँक्यू म्हटलं. वही तेव्हा माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, खालच्या खणात होती. मी ती कधी उघडली नव्हती, आणि फाडलीही नव्हती. उघडायची भीती वाटायची, आणि फाडायची लाज.

त्यानंतर साडेचार वर्षं गेली. गेल्या महिन्यात मी जिन्यातून उतरत होतो तर दोन नंबरसमोर काकू दिसल्या. वाळलेल्या, हातात काठी, डोळ्यांत थेंब. हातातला अर्ज त्या नाकाला लावून बघत होत्या. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, शेवटी काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवतेस?" ती म्हणाली, "काही नाही आजी, नेहमीचंच आहे, करा सही." काकूंनी सही केली. मी पाठ फिरवून जिना परत चढलो, एवढी माझी छाती! फाइलमध्ये पाहिलं तर दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध गेलेला. बाजूचं दिसतं, पण समोरची अक्षरं दिसत नाहीत.

रविवारी पत्ता शोधत गेलो. तिसरा मजला, दाराशी चपला नीट जोडीने लावलेल्या. सुनेने दार उघडलं. काकू खिडकीशी खुर्चीत बसून बोटांनी चाचपत विणत होत्या. माझा आवाज ऐकताच म्हणाल्या, "अगंबाई, साहेब! मफलर वापरता की नाही?"

मी एका दमात सगळं बोलणार होतो, रस्ताभर घोकलं होतं. पण मी नुसती वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, मग कडेला लोंबणारा धाग्याचा तुकडा बोटात धरला.

"माझी वही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "वाचा."

मी मधलंच एक पान उघडलं.

"पहिल्यापासून. शेवटपर्यंत."

मी वाचायला लागलो. सोमवार, दहा वाजून वीस मिनिटं. गंभीर त्रुटी, त्वरित अद्ययावत करा. साहेबांना फोन केला. नंतर म्हणाले. गुरुवार, साडेअकरा. तीच पाटी. नंतर म्हणाले. बुधवार. पाटीवर आज लाल खूण आहे. साहेबांना खूण सांगितली. नंतर म्हणाले. सातव्या नोंदीशी मी थांबलो. काकू म्हणाल्या, "पाणी घ्या आणि वाचा." अठरा वेळा 'नंतर म्हणाले' मी माझ्या तोंडाने वाचलं. एकोणिसावी नोंद त्या मंगळवारची होती. ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"मंगळवार, एक पस्तीस. तीच पाटी. साहेबांनी फोन उचलला नाही. नेहमीप्रमाणे नंतर केलं. एक चाळीस. मफलरच्या नमुन्याचं पान उघडलं. कशावरही काही दाबलं नाही. पान आपोआप पांढरं झालं आणि परत आलं. साहेबांना सांगणे."

काकूंच्या सुया थांबल्या होत्या. "काय? काय लिहिलंय?"

"कशावरही काही दाबलं नाही."

"माझंच अक्षर आहे ना?"

"तुमचंच आहे."

"सूनबाई, इकडे ये गं," त्यांनी आत हाक मारली. "साहेब, परत वाचा. मोठ्याने."

मी परत वाचलं. सून पदराला हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही काही केलंच नव्हतं? आम्ही सहा वर्षं तुमच्या हातात फोन देत नाही..." मग तिने मला विचारलं, "आणि हे साहेब कोण, सारखं नंतर म्हणणारे?"

"मी," मी म्हणालो. मग बाकीचंही सांगितलं. पुसलेली मशीन, कापलेला धागा, 'नवाच' हा एक शब्द, आणि जिन्यावरचं हसणंसुद्धा. सुनेचा चेहरा बघवत नव्हता. काकू ऐकत होत्या, मान जरा तिरकी करून, कारण समोरून त्यांना मी दिसत नव्हतो.

"वही तुमच्याकडेच असणार, हे मला ठाऊक होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरं कोण नेणार? पण मला वाटायचं, तुम्ही ती वाचली असणार, आणि त्यात माझीच चूक माझ्याच अक्षरात लिहिलेली असणार. म्हणून मला वाचवायला लपवली तुम्ही. त्याचा मफलर होता तो."

माफी मागायला गेलो होतो, पण तो शब्द उच्चारायचीसुद्धा माझी लायकी नव्हती. वही मी पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, "ही तुमची आहे, काकू. तुमच्याकडेच ठेवा."

त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "मला देऊन काय उपयोग? मला वाचता येत नाही आता. ज्यांनी मला तळघरात पाठवलं त्यांना वाचता येतं ना? त्यांना द्या."

"हो, देतो ना. आज रविवार आहे. नंतर नेऊन..."

शब्द तोंडातून निसटल्यावर मला कळलं. काकू सुई चाचपत होत्या.

"वहीत लिहू का तसं, साहेब?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून फोन काढला आणि तिथूनच, त्या दोघींसमोर, आवाज मोठा करून प्रशासकांच्या घरी लावला. ते जेवायला बसले होते. म्हणाले, "काय एवढं तातडीचं? थोडक्यात सांग." काकूंनी ते ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. मी फोन टेबलावर ठेवला, वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.